ती पाळी नव्हतीच

पीसीओडीसाठी डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या. पाकिटात २८ गोळ्या. २१ हार्मोनच्या, ७ बिनहार्मोनच्या. त्या सात दिवसांत रक्तस्राव व्हायचा, अगदी ठरल्या वारी. मी खूश. आठव्या महिन्यात तो दोन डागांवर आला, नवव्यात आलाच नाही. दिवस तर गेले नाहीत ना? दोन रात्री झोप उडाली. टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाल्या, "गोळी चुकली नाही ना? मग घाबरू नकोस. ती तशीही पाळी नव्हतीच."

गोळ्यांमुळे एरवी बीजांड सुटत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. हार्मोन थांबले की तेवढंच अस्तर बाहेर पडतं. काही महिन्यांनी पडण्यासारखं फार उरत नाही, म्हणून स्राव कमी होतो, कधी होतही नाही.

मग ते सात दिवस ठेवलेच कशाला? अमेरिकेत १९६० साली पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली. पिंकस आणि रॉक यांनी तिच्यात महिन्याचं चक्र मुद्दाम राखलं. बाईला सगळं नैसर्गिक वाटावं, दिवस गेले नाहीत याचा दिलासा मिळावा म्हणून. त्या खंडाने आरोग्याला काही फायदा नाही, असं ब्रिटनच्या फॅकल्टी ऑफ सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थकेअरने २०१९ मध्ये सांगितलं.

मी ॲप बनवते. लोक कंटाळून बाहेर पडू नयेत म्हणून मीही एकदा खोटी लोडिंगची पट्टी टाकली होती. ती काहीच मोजत नव्हती, नुसती सरकायची. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. दिलासा देणं वाईट नाही. पण तो दिलासा आहे हे न सांगणं म्हणजे समोरच्याच्या वतीने परस्पर निर्णय घेणं. आणि पट्टी अडकली की घाबरतो तोच, ज्याला काही सांगितलेलं नसतं.

गणपतीत पुन्हा स्राव आला. आई म्हणाली, "मोदकांना हात लावू नकोस." 'अगं, ही खरी पाळी नाहीच' हे अगदी ओठावर आलं होतं. वाक्य खरं होतं, सोयीचंही होतं. पण ते बोलले असते तर खऱ्या पाळीत मी विटाळशी असते, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, "आई, रक्त येतंय. त्याला पाळी म्हण नाहीतर काहीही म्हण. मोदक मी वळणार."

आई बराच वेळ गप्प होती. मग उकड माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाली, "आजीला सांगू नकोस म्हणजे झालं."