स्पर्शाची सनद

कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या तालमीत पहाटेची मेहनत आटोपली, म्हणजे लाल मातीने माखलेल्या थोरल्या पैलवानाच्या पाठीवर एखादा पोरगा तळहाताने तेल जिरवीत बसतो, आणि खांद्याची आखडलेली शीर अंगठ्याखाली आली की त्याचा हात आपसूक मंदावतो. त्या हाताला सनद कोणी दिली हे तेथे कोणी विचारीत नाही, कारण वस्तादांची नजर हीच तेथील सनद असते.

शहरात मालिशसाठी परक्या माणसापुढे देह निर्धास्त टाकावयाचा, तर ती नजर कोठून आणावी? चरकाने आपल्या संहितेच्या सूत्रस्थानात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत: उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. पहिल्या दोहोंची परीक्षा घेता येते. फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांच्या नोंदणीसाठी 2021 मध्ये केंद्राने कायदाही केला. शौचाचे काय? पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला दप्तरात काय नोंदले गेले एवढेच सांगतो, अंतःकरणाची शुद्धी सांगत नाही.

तरीही तो दाखला मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पालथे पडून डोळे मिटलेल्या माणसाला, विशेषतः स्त्रीला, स्वतःची राखण करता येत नाही. मला खरी अस्वस्थता वाटते ती निराळ्याच ठिकाणी. आपल्या धर्मशास्त्राने पातकाला प्रायश्चित्त सांगितले, आणि ते घेतलेल्याला पुन्हा पंक्तीत बसविले. मग तरुणपणी मारामारीत सापडून शिक्षा भोगलेल्या, पुढे वीस वर्षे निष्ठेने लोकांची अंगे रगडणाऱ्या माणसाला दप्तराने कोणत्या पंक्तीत बसवावे?