पथ्य कोणाचे, उत्तरदायित्व कोणाचे?

‘रुग्ण पथ्य पाळीत नाही’ असा अभिप्राय आपण सहज देऊन मोकळे होतो आणि सारा दोष रुग्णाच्या पदरी टाकतो. परंतु ज्याला पथ्य नीट उमगलेच नाही, त्याला ते मोडल्याबद्दल दोषी धरणे न्यायाचे आहे काय?

हृदय दुर्बल होण्याच्या विकारात, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात त्यात, हा प्रश्न फार तीव्र होतो. या विकारात हृदय बंद पडत नाही. रक्त पुढे ढकलण्याची त्याची क्षमता उणावते. मग शरीरात मीठ व पाणी साठू लागते, पाय सुजतात, आडवे पडताच धाप लागते. डॉक्टरांची गाठ महिन्या-दोन महिन्यांनी. एरवी रुग्णच स्वतःचा शुश्रूषक. रोज सकाळी न्याहारीपूर्वी वजन करावे. दोन-तीन दिवसांत ते सुमारे २ किलोने वाढल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. मीठ कमी खावे. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नयेत. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारखी गोळी मनाने घेऊ नये, कारण तिच्यामुळेही शरीरात पाणी साठते.

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एखादे घर डोळ्यांपुढे आणा. घरात बोली माडिया किंवा गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू. हातातली चिठ्ठी मात्र इंग्रजीत. ‘मीठ कमी करा’ एवढ्याने भागत नाही; सुकी मासळी आणि लोणचे यांतही मीठच असते, हे सांगावे लागते. घरी वजनकाटा नसेल, तर पायावर बोट दाबल्यास खळगा पडतो का, रात्री उसे उंच करावे लागते का, हे पाहावयास शिकवावे लागते. आणि समजले की नाही, हे रुग्णाच्या होकारावरून ठरवू नये. त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्यावे.

‘अल्पशिक्षितांना हे कसे कळणार?’ असे कोणी म्हणेल. उत्तर याच भूमीत मिळाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत तेथल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात अर्भकांचे श्वास मोजण्यास, जंतुसंसर्ग ओळखण्यास व उपचार करण्यास शिकविले. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. विकार वेगळा असला, तरी नीट शिकविले तर शिकता येते, हे तेथे सिद्ध झाले. उलट, पदवी असली म्हणून स्वतःची काळजी घेणे आपोआप येते असेही नाही. १९९५ मध्ये डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर आपल्या जीवनपद्धतीचा त्यांनी नव्याने कसा विचार केला, हे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनीच सांगितले आहे.

तेव्हा शिकविणे हा उपचाराला जोडलेला उपकार नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे आणि रुग्णाचा हक्क आहे. समजल्यानंतर पथ्य पाळणे हे रुग्णाचे कर्तव्य खरेच. पण ते समजावण्याचे कर्तव्य त्याच्या आधी येते. शिवाय गोळ्याच मिळत नसतील, पुराने वाट अडली असेल, तर नुसते ज्ञान काय करील? ‘स्वतःची काळजी घ्या’ असे म्हणून समाजाला अंग काढून घेता येणार नाही.

आपल्या घरात वा शेजारी असा रुग्ण असेल, तर ‘पथ्य का पाळले नाही?’ असे विचारण्यापूर्वी ‘डॉक्टरांनी काय सांगितले, ते मला सांगता का?’ असे विचारू या. जे सांगता येत नसेल, ते पुन्हा समजून घेण्यासाठी त्यांच्यासोबत दवाखान्यात जाऊ या.