फळाची अपेक्षा नाही, तरी गाडी सुरू व्हायला हवी

गीतेच्या अभ्यासवर्गाला तुम्ही नियमित बसत असाल, तर दुसऱ्या अध्यायातल्या 47व्या श्लोकापाशी एक प्रश्न हमखास ऐकला असेल. बहुधा मागच्या रांगेतला एखादा तरुण तो विचारतो. फळावर आपला अधिकारच नाही, तर काम नीट झालं की नाही हे तरी कशाला पाहायचं? आपण आपलं कर्म केलं, पुढचं परमेश्वर जाणे. वर्गात थोडं हसू उमटतं आणि चर्चा पुढे सरकते.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच श्लोकाच्या आड लपून अर्धवट कामं करणारी माणसं आपल्यात आहेत. आणि दुसऱ्याच्या कामाचं फळ दिसलं नाही की हा श्लोक विसरून त्याच्यावर तुटून पडणारेही आपणच असतो. दोन्ही गोष्टी एका मोटारसायकलच्या निमित्ताने मांडते.

चंडीगडला आमच्या केंद्रात एक काका येतात. मूळचे अकोल्याचे, निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आलेले. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. त्यांच्याकडे शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली जुनी गाडी आहे. पहाटेच्या ध्यानवर्गाची किल्ली त्यांच्याकडे, त्यामुळे साडेपाचला ते घरून निघतात. गेल्या हिवाळ्यात गाडी आचके देऊ लागली, ॲव्हरेजही बरंच उतरलं होतं. टाकीत आतून गंज धरला होता. सत्संगातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या ज्याच्याकडे जातात, त्या मेकॅनिकने टाकी उतरवून धुतली, पेट्रोलची नळी बदलली, कार्बोरेटर खोलून साफ केला. दुपारी उन्हात गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली. काका खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं, पारा पाच अंशांच्या आसपास, आणि वीस-पंचवीस किका मारूनही गाडी ढिम्म.

काका चालत केंद्रात पोहोचले. दारात चौघेजण कुडकुडत उभे होते. उशीर का झाला हे सांगताना काका म्हणाले, "कालपर्यंत चालत होती. त्याचा हात लागला आणि बंद पडली. वाट लावून ठेवली गाडीची." चौघांपैकी एका भावाने तिथेच फोन काढून त्या मेकॅनिककडचं आपलं सर्व्हिसिंग रद्द केलं.

आता तुम्ही सांगा, काकांचं वाक्य खोटं होतं का? कालपर्यंत चालत होती, हे खरं. त्याचा हात लागला, हेही खरं. आज बंद आहे, हे तर डोळ्यांसमोर. तिन्ही गोष्टी खऱ्या आणि त्यांना जोडणारा धागा तेवढा आपण ओवलेला. शेवटी ज्याचा हात लागला त्याच्यावर पहिला संशय घेणं तपासाची सुरुवात म्हणून चुकीचं नाही. कोणताही चांगला मेकॅनिक तेच करतो. जे शेवटचं उघडलं होतं, ते आधी पाहायचं. पण संशय ही तपासाची पहिली पायरी आहे, निकाल नव्हे.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हे पहिल्याच वर्षी शिकवतात. तेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम तात्पुरती उचंत खात्यात टाकायची आणि चूक शोधायला लागायचं. चूक सापडली की ते खातं बंद. व्यवहारात मात्र आपण समोरच्या माणसालाच उचंत खातं करून टाकतो. न जुळलेलं सगळं त्याच्या नावे लिहितो आणि मग चूक शोधायचं कारणच उरत नाही, कारण आपल्या मते ती सापडलेली असते.

गाडी सुरू न होण्याचा तपास खरं तर फार प्रामाणिक असतो, म्हणूनच मला तो आवडतो. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी, तिन्ही योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात हवी. त्यात कमी काय आहे हे विचारताना मोठ्या शंकेपासून सुरुवात करायची नाही. हँडलवरचा किल स्विच बंद नाही ना? टाकी परत बसवल्यावर पेट्रोलचा कॉक उघडला का? नवी नळी कुठे दुमडली तर नाही? टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल थोडं उतरून थांबतं. मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल तिथवर येतंय का ते बघायचं. मग प्लग काढायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत पोहोचत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी नाही. (ठिणगी तपासायची तर सांडलेलं पेट्रोल आधी पुसून, वाळू देऊन मगच. भक्ती कितीही असली तरी पेट्रोलची वाफ पेट घेतेच.) बीएस-6 नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही. तिथे चावी फिरवल्यावर पंपाची एक-दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते का, इथून सुरुवात होते. प्रत्येक पायरीवर गाडी हो किंवा नाही एवढंच सांगते. तिला तुमचं वय, तुमची सेवा, तुमचा राग यातलं काही माहीत नसतं.

मेकॅनिक आठ वाजता स्वतःहून आला. काकांनी सुनावलं ते ऐकून घेतलं. तळाचा स्क्रू सैल केला, पेट्रोल येत होतं. प्लग काढला, जवळजवळ कोरडा. मग त्याने विचारलं, "अंकलजी, चोक लगाया था?"

काका म्हणाले, या गाडीला चोक कधी लागतच नाही. सहा हिवाळे काढले तिच्यावर.

आणि नेमकं हेच उत्तर होतं. थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून सुरुवातीला हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. चोकचं काम तेवढंच. काकांच्या गाडीतली चोकची चकती मळाने अडकून कायम थोडी बंद राहिली होती. म्हणून गाडी थंडीतही चोकशिवाय सुरू व्हायची, आणि म्हणूनच पेट्रोल जास्त प्यायची. कार्बोरेटर साफ झाला, चकती मोकळी झाली, पूर्ण उघडू लागली. आता पहाटेच्या थंडीत चोक ओढणं भाग होतं. मेकॅनिकने तो ओढला, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मिनिटभराने चोक परत आत.

म्हणजे गाडी बिघडली नव्हती, दुरुस्त झाली होती. काकांची सवय मात्र जुन्या बिघाडावर बसलेली होती.

हे मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण साधनेत असं सतत घडतं आणि आपण ते ओळखत नाही. घरात एखाद्याच्या रागावर सगळं चाललेलं असतं. तो ओरडला की मुलं उठतात, डबे भरले जातात, बिलं वेळेवर जातात. मग तो माणूस सत्संगाला लागतो, त्याचा राग खरंच कमी होतो, आणि घराची घडी विस्कटते. मुलं उशिरा उठतात. घरचे म्हणतात, ध्यान करायला लागल्यापासून याचं घरात लक्ष नाही. तोही घाबरतो आणि पुन्हा ओरडायला लागतो. दोष सुधारण्यात नव्हता. दोषाच्या आधाराने बाकीच्या सवयी उभ्या राहिल्या होत्या, आणि आधार गेल्यावर त्यांना काही दिवस वेगळी मदत लागणार होती. तंबाखू सोडलेल्या माणसाचे पहिले दिवस आठवा. त्या दिवसांत तो अधिक चिडका असतो, म्हणून त्याने तंबाखू सोडायला नको होती असं तुम्ही म्हणाल का?

गीतेच्या अठराव्या अध्यायात, 14व्या श्लोकात, कर्म घडण्याची पाच कारणं दिली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. आपण यातलं दैव तेवढं लक्षात ठेवतो, आणि तेही स्वतःची बाजू सावरण्यापुरतं. त्या पहाटे गाडी सुरू न होण्यात थंडी होती, मोकळी झालेली चकती होती, काकांची पद्धत होती, मेकॅनिकचं न सांगणं होतं. दोनच श्लोक पुढे, एकट्यालाच कर्ता धरणाऱ्याला नीट दिसत नाही, असा भाव आहे. तिथे रोख स्वतःला कर्ता समजण्यावर आहे, हे मला माहीत आहे. पण जी चूक स्वतःच्या बाबतीत अहंकार ठरते, ती दुसऱ्याच्या बाबतीत न्याय कशी ठरेल?

आता मागच्या रांगेतल्या त्या तरुणाकडे वळू. मेकॅनिकही म्हणू शकला असता, मी माझं काम मनापासून केलं, सुरू होणं न होणं वाहेगुरूच्या हाती. तो तसं म्हणाला नाही. उलट म्हणाला, चकती मोकळी केली हे मी सांगायला हवं होतं. माझ्या मते निष्काम कर्माचा अर्थ त्याच्या या वाक्यात अधिक आहे. फळाचे दोन उपयोग असतात. एक, ते आपल्याला मिळावं म्हणून त्याच्याकडे पाहणं: कौतुक, पैसा, मान. दुसरा, काम नीट झालं का हे कळावं म्हणून पाहणं. गीता पहिल्यापासून सोडवते. दुसऱ्यापासून सोडवत असती, तर त्याच अध्यायात, 50व्या श्लोकात, योगाला कर्मातलं कौशल्य म्हटलं नसतं. फळाकडे पाहिलंच नाही तर कौशल्य यायचं कुठून? आणि 47व्या श्लोकाचा शेवटचा चरण काहीच न करण्याच्या ओढीपासून सावध करतो, तो तर आपण बहुतेक वेळा म्हणायचा म्हणून म्हणतो.

रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकन लेखकाचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे पुस्तक 1974 साली आलं. पर्सिग तरुणपणी बनारस हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकायला आला होता. पुस्तकात असा प्रसंग आहे की जग ही माया आहे असं प्राध्यापक सांगत असताना त्या विद्यार्थ्याने विचारलं, हिरोशिमा-नागासाकीवर पडलेले बॉम्बही मायाच का? प्राध्यापक हसून हो म्हणाले, आणि तो वर्ग सोडून गेला. वेदान्ताची बाजू त्या एका हसण्यात संपत नाही, हे आपण जाणतो. तरी तो का गेला हेही समजून घ्यायला हवं. समोर काहीतरी मोडलेलं असताना 'सगळी माया आहे' हे उत्तर आळशी माणसालाही तितकंच सोयीचं असतं. त्याच पुस्तकात मेकॅनिकांचीही एक गोष्ट आहे. ते रेडिओ लावून, हसतखेळत त्याच्या गाडीचं नुकसान करत राहतात, आणि मूळ दोष निघतो एका बारीकशा तुटलेल्या पिनेत. त्यांचं मन कामात नव्हतं, एवढीच त्याची तक्रार आहे.

हिंदी प्रवचनांचा अनुवाद करताना एक शब्द मला दर वेळी थांबवतो: शिक्षा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. गाडी सुरू झाली नाही, हिशेब जुळला नाही, मुलगा नापास झाला, की आपण बहुतेक जण त्या घटनेचं मराठीत भाषांतर करतो आणि शिक्षा कोणाला द्यायची ते शोधू लागतो.

काकांनी मेकॅनिकची माफी त्याच सकाळी मागितली. त्याने हात जोडले, येण्याजाण्याचे पैसे घेतले नाहीत, आणि विषय संपल्यासारखा वाटला. पण काकांच्या मनातून तो गेला नाही. बोललेलं चौघांसमोर, आणि माफी मात्र एकट्यात, हे त्यांना पटेना. पुढच्या रविवारी सूचना वाचून झाल्यावर त्यांनी माईक मागून घेतला आणि चोकची सगळी हकिगत सांगितली. काही जण हसले. मागे बसलेल्या दोघांनी मेकॅनिकचा नंबर विचारून घेतला.

ज्या भावाने त्या पहाटे सर्व्हिसिंग रद्द केलं होतं, तो त्या रविवारी आला नव्हता. काका नंतर त्याच्या घरी जाऊन आले. त्याने चहा पाजला, म्हणाला, बरं झालं सांगितलंत. त्याची गाडी अजून दुसरीकडेच जाते.