कॉलेजचे पहिले दिवस आणि खरा आनंद



गेल्या काही आठवड्यांत आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतून एकेक पेटी आणि एकेक वळकटी बाहेर पडली. इकडे आवणीची घाई, तिकडे प्रवेशाची घाई. आईवडिलांनी पावसातच मुलांना एस.टी.त बसवून दिले. सावळघाट ओलांडून कोणी नाशिकला गेले, कोणी पुण्याला. कोणाला शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली, तर कोणी चौघांत मिळून खोली घेतली. रविवारी मिस्सानंतर आम्ही या मुलामुलींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद दिला. आज त्यांच्याविषयीच चार शब्द लिहायचे आहेत. ते लिहिण्यामागे एक कारण आहे, ते आधी सांगतो.

मागे एका वर्षी असाच एक मुलगा कॉलेजात गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात घरी आला. मिस्सा संपल्यावर सगळे पांगले, तरी तो पडवीत उभाच होता. आम्ही विचारले, "काय रे बाळ, करमतंय ना तिकडे?" तो म्हणाला, "फादर, शनिवारी सगळे पार्टीला जातात. मी नाही म्हटलं की खोलीत एकटाच उरतो. मग मी करू तरी काय?" आम्ही त्याला सांगितले, "वाईट संगत धरू नकोस, देवाचे भय बाळग, अभ्यास कर." त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. पुढे दिवाळीपर्यंत तो मिस्साला दिसला नाही.

आमच्या उत्तरात चूक काहीच नव्हती, पण त्या मुलाच्या ते उपयोगाचेही नव्हते. काय करू नये हे त्याला ठाऊक होते. त्याने विचारले होते ते काय करावे हे, आणि त्याचे उत्तर आम्ही दिलेच नाही. आजचे हे लिखाण म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. ख्रिस्ती धर्म आनंदाच्या विरुद्ध आहे, असे आपल्या तरुणांना कधी कधी वाटते. याला थोडे आम्ही धर्मगुरूही जबाबदार आहोत. पण संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूचे पहिले चिन्ह कोठे घडते? गालीलातील काना गावी, एका लग्नघरात. द्राक्षारस संपला, यजमानाची लाज जाणार, तेव्हा पवित्र मरियेने ते ओळखले आणि प्रभूने दगडाच्या सहा रांजणांतील पाण्याचा उत्तम द्राक्षारस केला. चारचौघांचा आनंद मोडू नये म्हणून ज्याने पहिला चमत्कार केला, तो तरुणांच्या हसण्या-खेळण्यावर रागावणारा देव नव्हे.

नाचण्याचेही तसेच. आपल्या पाड्यांवर पावरी वाजते, तारपा वाजतो, संबळ वाजते, बोहाडा रात्र-रात्र चालतो. नाचणे हे पाप असते तर आपले आजी-आजोबा सगळेच पापी ठरले असते. मग शहरातील त्या पार्टीत आणि आपल्या अंगणातील नाचात फरक कोणता? आम्हाला तो असा दिसतो. आपल्याकडे नाचाच्या फेरात आजी असते, लहान मूल असते, शेजारचा काका असतो. कोणाचा पाय घसरला तर त्याला धरणारा हात ओळखीचा असतो. पार्टीत आवाज इतका मोठा असतो की शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे नावसुद्धा ऐकू येत नाही. असे तीन शनिवार जातात, खिसा रिकामा होतो, आणि चौथ्या शनिवारी ताप आला तर पाणी आणून देणारा मित्र एकही नसतो. पोरगा गेला होता मैत्री शोधायला. त्याला गर्दी मिळाली, मैत्री तेवढी मिळाली नाही.

ही गोष्ट आजची नाही. संत ऑगस्टिन यांचा जन्म इ.स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या लहानशा गावी झाला. वडील फार श्रीमंत नव्हते. मुलाच्या शिक्षणासाठी पैसे जमवावे लागले, गावातील एका सधन माणसाने मदत केली, आणि साधारण सतराव्या वर्षी हा हुशार मुलगा कार्थेज या मोठ्या शहरात शिकायला गेला. आपल्या पेठच्या मुलासारखीच ही कथा आहे. आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथात ते सांगतात की कार्थेजमध्ये विद्यार्थ्यांची एक टोळी होती. नवख्या मुलांना छळणे हा तिचा खेळ. ऑगस्टिनला त्यांची कृत्ये आवडत नव्हती, तरी तो त्यांच्यात वावरत असे, कारण आपण त्यांच्याइतके निर्लज्ज नाही याचीच त्याला लाज वाटे. त्याआधी सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडावरील नासपती चोरल्या होत्या. भूक नव्हती, फळेही काही खास नव्हती. पुढे त्यावर खूप विचार करून तो म्हणतो की एकटा असतो तर आपण हे केलेच नसते.

तरुणांनो, सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हे पान वाचले, तेव्हा त्यातले मर्म फारसे कळले नव्हते. पडवीत उभ्या असलेल्या त्या मुलाने ते कळवले. ऑगस्टिनला नासपती नको होत्या, सोबत हवी होती. पहिल्यांदा ग्लास हाती घेणाऱ्या बहुतेक मुलांना दारू नको असते, एकटे पडणे नको असते. म्हणून केवळ 'दारू वाईट' असे सांगून भागत नाही, सोबतीची सोय पाहावी लागते.

दारूविषयीही स्पष्ट बोलू. आपल्या वेदीवर द्राक्षारस असतो, आणि द्राक्षारस ही देवाची देणगी आहे असे ख्रिस्तसभा मानते. अतिरेक हे पाप आहे, आणि शुद्ध हरपेपर्यंत पिणे म्हणजे देवाने दिलेली बुद्धी आपल्या हाताने फेकून देणे. शिवाय आपल्या राज्यात बिअर व वाइनसाठी 21 आणि इतर मद्यासाठी 25 वर्षे ही वयाची अट आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना यातले काहीच लागू होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवाळीनंतर आपली किती कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात! त्या मजुरीतून तुमची फी भरली आहे. पार्टीची एका रात्रीची वर्गणी म्हणजे आईने बागेत वाकून काढलेले कित्येक दिवस. वर्गणी काढणाऱ्याला हे माहीत नसते, पण तुम्हाला माहीत आहे.

मग करायचे काय? पुस्तकात डोके खुपसून बसायचे? तेही नाही. संत थॉमस अक्वायनस हे ख्रिस्तसभेचे थोर तत्त्वज्ञ. ते कलोनला शिकायला गेले तेव्हा वर्गातील मुले त्यांना 'मुका बैल' म्हणत, कारण ते फारसे बोलत नसत. म्हणजे पहिल्या दिवसांतील टिंगल त्यांनाही चुकली नाही. याच थॉमसनी लिहून ठेवले आहे की शरीराला जशी झोप लागते तसा मनाला खेळ लागतो. त्यासाठी त्यांनी प्रेषित योहानाची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर हसत-खेळत बसलेला पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितले. त्याने अनेक बाण मारल्यावर विचारले, असेच सतत मारत राहता येईल का? तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. धनुष्यबाण ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे, त्या आपल्या लोकांना ही गोष्ट अधिक फोडून सांगायला नको. थॉमस तर पुढे जाऊन म्हणतात की जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालतो, त्याचेही चुकतेच. आईबाबांनो, हे आपल्यासाठी आहे.

आता एका विद्यार्थ्याची ओळख करून देतो. पियर जॉर्जिओ फ्रासाती. जन्म 1901, गाव इटलीतील तुरिन. वडील एका मोठ्या वृत्तपत्राचे मालक, पण शाळेत हा मुलगा लॅटिनमध्ये नापास झाला होता. खाण कामगारांच्या जवळ राहता यावे म्हणून त्याने खाण अभियांत्रिकी घेतली. मित्रांच्या खोड्या काढण्यात तो सर्वांच्या पुढे. 1924 साली त्याने मित्रमैत्रिणींची एक टोळी काढली आणि तिला गमतीने 'लफंग्यांची मंडळी' अशा अर्थाचे नाव दिले. सुट्टी आली की हे लफंगे आल्प्सचे डोंगर चढत, गात, हसत, आणि एकमेकांसाठी प्रार्थनाही करत. खिशातले पैसे तो गरिबांना देई, प्रसंगी बसभाड्याचेही, आणि स्वतः घरी पळत जाई. 4 जुलै 1925 रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी पोलिओने त्याचा मृत्यू झाला. अंत्यविधीला गरिबांची एवढी गर्दी लोटली की घरचे लोक थक्क झाले, कारण मुलगा काय करत होता हे त्यांना पुरते ठाऊकच नव्हते. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. ज्याने कॉलेजच्या दिवसांची एवढी मौज लुटली, तो विद्यार्थी आज वेदीवर आहे.

तुरिनला आल्प्स आहे, आपल्याला आपले डोंगर आहेत. पेठहून नाशिकला जाताना एस.टी.च्या खिडकीतून रामशेज किल्ला दिसतो. 1682 साली मोगलांनी त्याला वेढा घातला आणि हा छोटासा किल्ला कित्येक वर्षे त्यांच्या हाती लागला नाही. किती वेळा त्याच्याजवळून गेलो, पण वर किती जण चढलो? एखाद्या रविवारी मिस्सानंतर खोलीतल्या चौघांनी भाकरी बांधून घ्यावी आणि चढावे. पांडवलेणी आहे. 1840 पासून चालत आलेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आहे. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिच्यात नाव घाला. एका शिबिरात जेवढे मित्र मिळतात तेवढे दहा पार्ट्यांत मिळत नाहीत. शनिवारी रात्री खोलीत एकट्याने बसू नका. तुमच्यासारखाच एकटा बसलेला कोणीतरी त्याच मजल्यावर असतो, त्याचे दार वाजवा. मिळून स्वयंपाक करा, पावरी येत असेल तर ती सोबत न्या. आपल्या गाण्याची लाज वाटू देऊ नका.

मिस्साही चुकवू नका. नाशिक शहरात होली क्रॉस चर्च आहे, नाशिक रोडला बाळ येशूचे मंदिर आहे. मिस्सा संपताच पळू नका, दहा मिनिटे थांबा, एका तरी माणसाला आपले नाव सांगा. पुढच्या रविवारी तो माणूस तुमची वाट पाहील, आणि परक्या शहरात आपली वाट पाहणारा कोणी असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे!

कोणी पिण्याची, पैसे काढण्याची किंवा नाचून दाखवण्याची सक्ती केली तर ती मौज नव्हे, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून कायदा आहे. मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक 1800-180-5522 असा आहे. तो लिहून ठेवा, आणि घरीही सांगा. मुलींनो, हे तुम्हालाही तितकेच लागू आहे.

आईबाबांनो, फोनवर "पैसे पुरतात का, अभ्यास चाललाय का" एवढेच विचारून ठेवू नका. "आज कोणाबरोबर जेवलास? तुझ्या मित्राचं नाव काय?" हे विचारा. सुट्टीत त्या मित्रांना घरी बोलवा. नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन गेलेला मित्र आपल्या मुलाला सहसा वाऱ्यावर सोडत नाही.

आणि जो आधीच गेला, प्यायला, पैसे उडवून बसला, आणि आता घरी यायला लाजतो, त्याला आम्ही काय सांगावे? संत लूकच्या शुभवर्तमानातील धाकटा मुलगा दूरदेशी सगळे उधळून परत निघाला, तेव्हा बापाने त्याला दुरूनच पाहिले आणि हिशेब न विचारता तो धावत गेला. त्या घरातही त्या दिवशी मेजवानी झाली, गाणे-नाचणे झाले. उधळपट्टीत जे त्याला सापडले नाही ते घरच्या अंगणात सापडले. प्रायश्चित्त संस्काराचे दार आठवड्याचे सातही दिवस उघडे आहे. आम्ही पडवीतच असतो.

आपल्यापैकी कोणी या पानाचा फोटो काढून आपल्या मुलाला मोबाइलवर पाठवला तर बरे होईल. कदाचित तो फिरत फिरत त्या मुलापर्यंतही जाईल, ज्याला आम्ही अर्धेच उत्तर दिले होते. त्याला सांगा, फादरनी तुझी वाट पाहिली, आणि या वेळी ते आधी ऐकतील, मग बोलतील.

प्रभू येशू, कानाच्या लग्नघरात तू आनंद राखलास, तसा आमच्या मुलामुलींचा आनंदही राख. त्यांना चांगले मित्र दे, आणि त्यांना कोणाचे तरी चांगले मित्र होऊ दे. पवित्र मरिये, काय कमी पडले ते तू सर्वांआधी ओळखतेस. त्यांच्या खोलीकडे लक्ष ठेव. आमेन.

आपला,
धर्मगुरू