हकने फाडलेली चिठ्ठी

मनाला टोचणी लागली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं आपण धरून चालतो. मुलांनाही सांगतो, मनाला विचार, ते खोटं बोलणार नाही. मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ पुन्हा वाचताना या शिकवणीपाशी मी अडखळलो.

मिसूरीतला पोरका म्हणावा असा हक आणि मिस वॉटसनच्या घरून पळालेला गुलाम जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीने चालले आहेत. पैसे साठवून बायकोला सोडवीन, मग दोघं मिळून पोरांना विकत घेऊ, मालकाने दिली नाहीत तर चोरून आणू, असं जिम बोलतो. ते ऐकून हकच्या काळजात धस्स होतं. ती मुलं कुणाची तरी मालमत्ता आहेत आणि त्या मालकाने हकचं काहीच वाकडं केलेलं नाही! हक ढोंगी नाही. त्याला लागलेली टोचणी अगदी खरी आहे. ट्वेनही याच मिसूरीत, १८३५ साली जन्मला. गुलामगिरी वाईट आहे असं लहानपणी कुणी म्हणताना त्याने ऐकलं नव्हतं. चर्चमध्येदेखील तिला देवाची संमती असल्याचंच शिकवत.

पुढे जिमला ४० डॉलरांना विकलं जातं. हक प्रार्थनेला बसतो, पण शब्द फुटत नाहीत. मग तो मिस वॉटसनला चिठ्ठी लिहितो, तुमचा जिम इथे आहे. लिहून होताच सगळी पापं धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. या ओळींपाशी मला दर वेळी भीती वाटते. एक माणूस पुन्हा गुलामीत ढकलला जाणार आहे, आणि ढकलणाऱ्याचं मन शांत आहे.

माझी आजी फार मायाळू होती. दारी आलेल्याला ती उपाशी जाऊ देत नसे, पण काहींच्या हातात भाकरी वरून टाकायची. चुकून स्पर्श झालाच तर अंघोळ करेपर्यंत तिला चैन पडत नसे. तिची ती तळमळ मी पाहिली आहे, तिला खोटी म्हणणं मला जमत नाही. टाकलेली भाकरी झेलणाऱ्याचा चेहरा मात्र मला आठवत नाही, कारण तो पाहावा असं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हकला चेहरा आठवतो. चिठ्ठी समोर ठेवून तो नदीचे दिवस आठवत बसतो. त्याला झोपू द्यावं म्हणून स्वतःचा पहारा संपल्यावर त्याचाही पहारा करणारा जिम, धुक्यात चुकलेला हक परत दिसल्यावर हरखून गेलेला जिम. हक चिठ्ठी फाडतो आणि नरकात जायचं ठरवतो. आपण योग्य केलं, असं त्याला तेव्हाही वाटत नाही. तेवढा दिलासा ट्वेनने त्याला दिला नाही, आणि म्हणूनच हे पात्र मला इतकं खरं वाटतं.

कादंबरीनंतर काही वर्षांनी, जानेवारी १८९६ मध्ये, ट्वेन मुंबईत आला. हॉटेलात कुठल्याशा दाराच्या कामावरून एका धिप्पाड जर्मन माणसाने नोकराच्या जबड्यावर ठोसा मारला. नोकराने तो मुकाट सोसला. ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं गाव आठवलं. तिथे गुलामांना असंच समजावत. आपल्यालाही तेव्हा ते रीतसर वाटे, असं त्याने प्रवासवर्णनात कबूल केलं आहे. त्याच वेळी मार खाणाऱ्याबद्दल वाईट वाटे आणि मारणाऱ्याची लाज वाटे, हेही त्याने तिथेच लिहिलं आहे.