छायाचित्रातील मौन

अन्यायग्रस्ताची बाजू घेताना आम्ही डोळे मिटावेत काय? २०२२ मध्ये ‘नाझींचे उच्चाटन’ ही सबब सांगून पुतिन यांनी युक्रेनवर आक्रमण केले. त्या सबबीला बळ मिळू नये, म्हणून युक्रेनी सैनिकांच्या गणवेशांवरील नाझी चिन्हांविषयी अनेकांनी मौन पाळले. अशी काही छायाचित्रे युक्रेनच्या संरक्षण खात्याने व नाटोने आधी प्रसिद्ध केली, मग काढून टाकली, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जून २०२३ मध्ये दाखवून दिले. त्यांपैकी एका बिल्ल्यावर कवटी होती; छळछावण्यांवर पहारा देणाऱ्या नाझी पथकाची ती खूण. चिन्हे मोजक्यांची, न्याय्य लढा साऱ्या राष्ट्राचा, ही दोन्ही सत्ये एकत्र सांगता येतात. त्यांतील एक आम्ही लपवले, तर शत्रूच्या असत्याला आम्हीच साक्षीदार मिळवून देतो. आणि त्या छावण्यांत मेलेल्यांना पुन्हा एकदा एकटे सोडतो.