वस्तूचा लोभ आणि नावाची निष्ठा

दरवर्षी बंगाली भाद्र महिन्याच्या संक्रांतीला, म्हणजे बहुधा १७ सप्टेंबरला, कोलकात्यात विश्वकर्म्याची पूजा होते. वर आकाश पतंगांनी भरून जाते आणि खाली कारखाने, छापखाने, रिक्षांचे तळ व मोटारदुरुस्तीची दुकाने येथे यंत्रांच्या गळ्यात हार पडतात. आपल्याकडे अवजारांची पूजा खंडेनवमीला होते. परंतु या शहरात वर्षे घालविल्यावर दोन्ही सण आम्ही आपलेच मानू लागलो आहोत. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी आम्ही आपल्या लॅपटॉपला गंध लावून त्यावर एक फूल ठेवले. शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांची सारी हयात छापखान्यातील यंत्रांच्या सहवासात गेली, ते दारात उभे राहून हे पाहत होते. त्यांनी हसत हसत विचारले, “ही पूजा यंत्राची की कंपनीची?”

प्रश्न थट्टेचा होता. तथापि काही थट्टा अशा असतात की त्या ऐकताना हसू येते आणि रात्री झोप येत नाही.

आमचा लॅपटॉप थिंकपॅड आहे. आणि ‘आहे’ एवढेच सांगून थांबणे आम्हांस कधी जमलेले नाही. रेल्वेच्या डब्यात समोरच्या प्रवाशाने काळे, चौकोनी झाकण उघडले की त्याचा चेहरा पाहण्याआधी आमची दृष्टी कळफलकावरील जी, एच आणि बी या कळांच्या मधल्या तांबड्या ठिपक्याचा शोध घेते. चित्रपटात नायक कोणत्या संकटात आहे याकडे आमचे लक्ष नसते. त्याच्या मेजावर कोणते यंत्र आहे, ते आम्ही पाहत असतो. कचेरी सुटल्यावर पाय घराऐवजी चांदनीच्या बाजाराकडे वळतात. तेथील अरुंद दुकानांत एखादा जुन्या घडणीचा कळफलक किंवा न झिजलेली बिजागरी मिळते काय, याची चौकशी करण्यात संध्याकाळ निघून जाते. रविवारी दुपारी यंत्र उघडून पंख्यातील धूळ काढावी, प्रोसेसरवरील वाळलेला लेप पुसून नवा लावावा, एकेक स्क्रू जागच्या जागी बसवावा, यात आम्हांस जे सुख लाभते ते इतरांस पत्त्यांत किंवा क्रिकेटमध्ये लाभत असेल. घरची माणसे याला वेड म्हणतात. आम्ही याला निष्ठा म्हणत आलो होतो.

या लोभाला कारणे नाहीत असे मात्र नाही. १९९२ साली आयबीएम कंपनीने हे यंत्र प्रथम बाजारात आणले. त्याचे बाह्यरूप रिचर्ड सॅपर या जर्मन अभिकल्पकाने जपानी जेवणाच्या काळ्या, साध्या डब्यावरून योजिले होते. बाहेर कसलाही झगमगाट नाही. जे आहे ते उघडल्यावर दिसावे, ही त्यामागची दृष्टी. नावाचा उगमही सुरस आहे. ‘थिंक’, म्हणजे ‘विचार करा’, हे त्या कंपनीचे जुने बोधवाक्य. ते ज्यावर छापलेले असे त्या खिशात मावणाऱ्या टिपणवहीवरून यंत्राला हे नाव मिळाले. आणि आमच्या मते सर्वांत मोठा गुण असा की, हे यंत्र कसे उघडावे, कोणता स्क्रू कोठला, कोणता भाग कशानंतर काढावा, हे सांगणारी दुरुस्तीची पुस्तिका कोणालाही मिळू शकते. जी वस्तू स्वतःचे अंतरंग धन्यापासून लपवीत नाही तिच्याविषयी माणसाला माया वाटली, तर तो काही अपराध नव्हे.

आमचे यंत्र टी ४२० या नमुन्याचे, २०११ सालचे. आम्ही ते जुने म्हणूनच विकत घेतले. त्यानंतर त्याची बॅटरी दोनदा बदलली, कळफलक बदलला, पडदा बदलला, बिजागऱ्या बदलल्या आणि फिरत्या तबकडीच्या जागी नवी साठवण बसविली. मिलिंदपञ्हात नागसेन भिक्षू राजाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणतो, आणि अखेरीस त्याला मान्य करावे लागते की, या सर्वांच्या आश्रयाने व्यवहारासाठी योजलेले ‘रथ’ हे एक नाव आहे. आमच्या मेजावरील रथाची स्थिती याहून वेगळी नाही. मूळचे फारसे काही उरलेले नाही. जे अखंड टिकले आहे ते नाव.

आणि नाव तर विकता येते. डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय चीनमधील लेनोव्हो कंपनीला विकण्याचे जाहीर केले आणि मे २००५ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. त्याबरोबर थिंकपॅड हे नावही गेले. म्हणजे आम्ही ज्या यंत्राचे गोडवे गातो ते आमच्या हाती येण्यापूर्वीच त्या नावाचा धनी बदललेला होता. पुढे २०१२ साली या यंत्रांवरील सात ओळींचा कळफलक जाऊन सहा ओळींचा आला, तेव्हा जगभरच्या आमच्यासारख्या भक्तांनी विश्वासघात झाल्याचा आक्रोश केला. २०१७ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त जुना कळफलक असलेली एक विशेष आवृत्ती निघाली, तेव्हा त्याच भक्तांना जणू देव पावला. आज शांतपणे विचार करता आम्ही स्वतःस विचारतो: विश्वासघात होण्यासाठी आधी कोणी कोणाला वचन द्यावे लागते. सात ओळींचे वचन आम्हांस कोणी दिले होते?

कोलकात्याच्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. हुगळीच्या काठी उत्तरपाड्याला तयार होणारी अँबॅसडर मोटार या शहराच्या चेहऱ्याचा एक भाग होती. मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, आणि २०१७ मध्ये ‘अँबॅसडर’ हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्समधील प्यूजो कंपनीस विकले गेले. कारखाना नाही, साचे नाहीत, माणसे नाहीत, केवळ नाव. ज्या टॅक्सीचालकाने आयुष्यभर तीच गाडी चालविली त्याच्या प्रेमाचे या व्यवहारात काय झाले? ते विकले गेले नाही, कारण ते त्या नावात नव्हतेच. ते चाकावरील हातांच्या सवयीत होते, पावसात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या त्याच्या कसबात होते.

यावर कोणी असे म्हणेल की, नावावरील निष्ठा एवढी तुच्छ मानू नये. याच शहरात मोहन बागानचे उदाहरण आहे. १८८९ साली स्थापन झालेल्या या क्लबने १९११ मध्ये इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून ढाल जिंकली, ती गोष्ट येथे आजही घराघरांत सांगितली जाते. २०२० साली त्याच्या फुटबॉल संघाचे दुसऱ्या एका संघाशी एकीकरण होऊन मूळ नावामागे नवी अक्षरे लागली, तेव्हा चाहत्यांनी ती काढून टाकण्याची मागणी लावून धरली, आणि २०२३ मध्ये ती अक्षरे खरोखरच गेली. मग आमची निष्ठा आणि त्यांची निष्ठा यांत भेद कोणता?

भेद आहे, असे आम्हांस वाटते. क्लब म्हणजे खेळाडू आणि मैदान एवढेच नव्हे. जो पिढ्यानपिढ्या तिकिटाच्या रांगेत उभा राहतो, पराभवाच्या रात्री उपाशी झोपतो, तो प्रेक्षक हाही त्या क्लबाचा घटक असतो. त्याला वगळले तर क्लब उरत नाही; म्हणून नावावर त्याचा काही अधिकार पोहोचतो. आम्ही मात्र गिऱ्हाईक आहोत. आम्ही पैसे दिले आणि वस्तू घेतली. देणे-घेणे तेथे फिटले. विकणाऱ्याने सचोटीने विकले, एवढेच त्याचे कर्तव्य. निष्ठा हा शब्द आपण जेथे वापरतो, म्हणजे मित्राशी, धन्याशी, देशाशी, तेथे दोन्ही बाजूंना काही बांधिलकी असते. एकाच बाजूने बांधलेल्या दोराला पूल म्हणता येत नाही.

येथवरचा विचार बुद्धीला पटण्यास अवघड नाही, आणि तो आम्हांस पूर्वीही सुचला असता. तो सुचला नाही, कारण त्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कोणी तरी चुकती करीत होते.

तीन वर्षांपूर्वी आमची भाची स्थापत्याच्या शिक्षणासाठी नागपूरहून येथे आली. “मामा, लॅपटॉप कोणता घेऊ?” असे तिने विचारले. तिला कोणते काम करावयाचे आहे, दिवसातून किती वेळ ते ओझे खांद्यावर वागवावे लागेल, वसतिगृह महाविद्यालयापासून किती दूर आहे, यांतील एकही गोष्ट आम्ही विचारली नाही. प्रश्न पुरा होण्यापूर्वीच आमचे उत्तर तयार होते. पुढच्याच शनिवारी तिला चांदनीत नेऊन, तिच्या वडिलांनी पाठविलेल्या पैशांतून, आमच्याच यंत्राच्या कुळातील एक जुना व दणकट लॅपटॉप आम्ही तिला घेऊन दिला. दुकानातून बाहेर पडताना आमच्या चेहऱ्यावर कन्यादान केल्याचे समाधान असावे.

दीड वर्षाने ताईशी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, “अरे, ती आकृत्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काढते. रात्री मैत्रीण झोपली की तो घेते आणि पहाटेपर्यंत बसते. तुला सांगू नको म्हणाली होती. मामाला वाईट वाटेल म्हणे.”

यंत्राचा यात काहीही दोष नव्हता. ते ज्या कामासाठी घडविले गेले ते काम ते आजही निमूटपणे करते. परंतु इमारतींच्या त्रिमितीय आकृत्या हे ते काम नव्हे, आणि सव्वादोन किलोंचे वजन व त्यावर चार्जर हे रोज दोन बसगाड्या बदलणाऱ्या मुलीच्या पाठीवर लादण्याचे ओझे नव्हे. हे आम्हांस ठाऊक नव्हते असेही नाही. त्या यंत्राची प्रत्येक मर्यादा आम्हांस तोंडपाठ होती. तिला सांगताना आम्ही केवळ गुण सांगितले. ज्या नावाच्या पोटातच ‘विचार करा’ असा उपदेश आहे त्याच्या भक्तीत आम्ही विचार करावयाचे विसरलो होतो.

मित्राचे दोष आपण परक्याजवळ बोलून दाखवीत नाही, आणि ते योग्यच आहे. मित्राला मन असते, अब्रू असते. आपल्या शब्दाने ती दुखावेल. म्हणून मित्राविषयीचे मौन हा कित्येकदा धर्म ठरतो. वस्तूविषयी आम्ही तसेच मौन पाळले आणि त्याला तेच थोर नाव दिले. परंतु वस्तूला दुखावता येत नाही. कळफलकाची अब्रू जात नाही. मग ते मौन कोणाच्या रक्षणासाठी होते? उत्तर लाजिरवाणे आहे: आमच्या निवडीच्या अभिमानासाठी. अमुक छापाची वस्तू वापरणारा तो शहाणा, हे आमचे स्वतःविषयीचे मत अबाधित राहावे म्हणून एक मुलगी रात्र रात्र उसन्या यंत्रावर बसत होती. एवढेच नव्हे, तर आमचे मन सांभाळण्यासाठी आमच्यापासून खरे लपवावयासही शिकली होती. आम्ही खरे सांगितले नाही; परिणामी आम्हांसही कोणी खरे सांगेना. निष्ठेच्या नावाखाली चालणाऱ्या हट्टाचा हा सर्वांत मोठा दंड आहे, असे आम्ही आता मानतो.

म्हणून लोभ सोडावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. मराठी माणूस पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहितो, तेव्हा त्याला हाव अभिप्रेत नसते. जवळीक अभिप्रेत असते. वस्तूविषयी अशी जवळीक असण्यात हानी तर नाहीच, उलट आजच्या काळात लाभ आहे. दोन-तीन वर्षांत यंत्र टाकून नवे घेण्याच्या रीतीत, एक जुने यंत्र चौदा-पंधरा वर्षे आपल्या हातांनी चालू ठेवणे ही लहानशी का होईना, जबाबदारीची गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबविले आणि आमच्यासारखी असंख्य यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. आमच्या यंत्रावर आम्ही लिनक्स बसविले, आणि हे टिपण त्यावरच लिहीत आहोत. अशा लोभाचा विषय हाताखालची वस्तू असते. तिच्यासाठी आपण कष्ट घेतो, तिचे दोष जाणतो, आणि जाणतो म्हणूनच ते विचारणाऱ्याला सांगू शकतो. नावावरील निष्ठेला यांतील काहीच करता येत नाही. तिला केवळ भांडता येते. आपल्याजवळ या दोहोंपैकी काय आहे, हे ओळखण्याची एक कसोटी आम्ही स्वतःपुरती ठरविली आहे: ‘ही वस्तू तुझ्या कामाची नाही’ हे वाक्य आपण समोरच्याला अडखळल्याविना बोलू शकतो काय?

ते बोलावयास आम्हांस उशीर झाला. पण आम्ही बोललो. भाचीला घरी बोलावून तिचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस प्रथमच पुरा ऐकून घेतला आणि मग तिच्यासह पुन्हा चांदनीत गेलो. या खेपेस दुकानदाराशी ती बोलली. आम्ही पिशवी धरून उभे राहिलो. तिने दुसऱ्याच एका कंपनीचा हलका लॅपटॉप घेतला. पैशांतला आमचा वाटा आम्ही दिला, तो भेट म्हणून दिला नाही.

त्यानंतरच्या विश्वकर्मापूजेच्या दिवशी शेजारच्या वृद्ध गृहस्थांबरोबर आम्ही गल्लीतून एक फेरी मारली. रिक्षांना, शिवणयंत्रांना, पंक्चर काढणाऱ्याच्या हवेच्या पंपाला, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका जुन्या पिवळ्या टॅक्सीला, सर्वांना झेंडूचा एकसारखा हार होता. कंपनीची पट्टी वाचून कोणी हार लहानमोठा केलेला दिसला नाही. त्यांनी जुना प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि उत्तर देण्याची गरज आम्हांसही भासली नाही. घरी भाची आली होती. तिने आपला नवा लॅपटॉप आमच्या लॅपटॉपशेजारी ठेवला, आणि आम्ही दोहोंना गंध लावले. तिचा कोणत्या छापाचा आहे, हे येथे सांगण्याचे कारण नाही.